बंदुकीचा धक्का आणि नेमाची परीक्षा

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर मोठा समारंभ झाला. इंग्लंडात नुकत्याच स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाचे ते पहिलेच संमेलन, आणि त्याचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते व्हावयाचे होते. फीत कापणे किंवा समई लावणे हा उद्घाटनाचा प्रकार रायफलवाल्यांच्या मेळाव्यात शोभला नसता. राणीने पहिली गोळी झाडावी असे ठरले. तीनशे-चारशे पावलांवर एखादी गोळी झाडून मोकळे व्हावे, असा साधा बेतही नव्हता. लक्ष्य ४०० यार्डांवर उभे केले होते, आणि ती गोळी लक्ष्याच्या मध्यावर लागावी अशी संयोजकांची इच्छा होती.

राणीने बंदूक खांद्याला लावली नाही. जोसेफ व्हिटवर्थ या विख्यात यंत्रकाराने स्वतः तयार केलेली रायफल एका यंत्रटेकूवर बसवून, तिचा नेम आधीच जुळवून ठेवला होता. चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने ती दोरी ओढली, बार उडाला, आणि गोळी लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर लागली. माळावर जयघोष झाला. वर्तमानपत्रांनी त्या गोळीचे वर्णन मोठ्या कौतुकाने छापले.

आता प्रश्न असा की, हा नेम कोणाचा? राणीचा तो निश्चितच नव्हे. दोरी ओढण्यापलीकडे तिने काही केले नव्हते. मग हे केवळ नाटक होते काय? दरबारी थाटाचा अंश त्यात होताच. परंतु त्या टेकूकडे नीट पाहिले तर त्यात एका फार जुन्या अडचणीचे उत्तर दडलेले दिसते. बंदूक आणि बंदूकवाला यांच्यापैकी चूक कोणाची, हे ठरवायचे कसे, ही ती अडचण. गोळी चुकली की बंदूकवाला बंदुकीला दोष देतो आणि बंदूक घडविणारा बंदूकवाल्याला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण नाचणाऱ्याला हसण्यासाठी वापरतो; पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. ते वाकडे आहे की नाही हे पाहावयाचे, तर नाचणाऱ्याला थोडा वेळ बाजूला बसवावे लागते. बंदुकीच्या बाबतीत हे काम टेकूने केले. त्या टेकूचा इतिहास थोडक्यात सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम धक्क्याचा विचार करू. न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे तीन नियम सांगितले. त्यांतला तिसरा नियम क्रिया व प्रतिक्रिया यांचा. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने बंदूक मागे येते. गोळीबरोबर जळालेल्या दारूचा वायूही पुढे जातो, त्याचाही हिशेब त्यात धरावा लागतो. ‘पॉइंट थ्री-नॉट-थ्री’ या नावाने आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक असलेली ली-एनफील्ड रायफल उदाहरणादाखल घेऊ. तिची गोळी सुमारे ११ ग्रॅमची. ती सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. रायफल साधारण ४ किलोची. वायूचा भाग मिळवून हिशेब केला तर रायफल सेकंदाला पावणेतीन मीटरांच्या आसपास वेगाने खांद्यावर येऊन आदळते. नवशिक्याने तिला खांद्याशी घट्ट धरले नाही तर दुसऱ्या दिवशी सदऱ्याची गुंडी लावताना त्याला तिची आठवण होते.

पण या धक्क्याने गोळी चुकते कशी? गोळी निघून गेल्यावर बंदूक कितीही हलली तरी गोळीला त्याचे काय? येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बंदुकीची. गोळी नळीत असते तेव्हाच बंदूक मागे सरकू लागलेली असते. ली-एनफील्डची नळी सुमारे ६४ सेंटिमीटर लांब आहे. गोळी तोंडापर्यंत पोचते तोवर रायफल साधारण दोन मिलिमीटर मागे आलेली असते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. आणि बंदूक अगदी सरळ रेषेत मागे आली तर ते खरेही आहे. पण बंदुकीचा दस्ता नळीच्या रेषेच्या खाली असतो. धक्का वरच्या रेषेत बसतो आणि खांद्याचा अडसर खालच्या रेषेत असतो, म्हणून नळीचे तोंड वर उचलले जाते. शिवाय नळी वेताच्या छडीसारखी थरथरते. ६४ सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड एकाच मिलिमीटरने ढळले, तर १०० मीटरवर गोळी १५ सेंटिमीटरांहून अधिक दूर जाते. बंदूक दर वेळी तितकीच ढळली तर मात्र चिंतेचे कारण नाही. तेवढ्याने माशी सरकवून घेतली की झाले. अडचण होते ती एकदा खांदा सैल, एकदा ताठ, एकदा कोपर टेकलेले, एकदा अधांतरी असले म्हणजे. मग प्रत्येक वेळी ढळण्याचे माप वेगळे, आणि जुळवलेल्या माशीला काही अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. गोळी नळीतून बाहेर पडायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट वेळ लागतो. माणसाचे शरीर कोणत्याही आघाताला उत्तर देते त्याला याच्या शंभरपट तरी वेळ हवा. म्हणजे या बाराचा धक्का लागून माणूस दचकला आणि म्हणून ही गोळी चुकली, हे शक्यच नाही. तरीही दचकण्याने गोळ्या चुकतात हा चांदमारीवरच्या प्रत्येक उस्तादाचा अनुभव आहे. तो कसा? मागच्या बाराची आठवण खांद्यात राहिलेली असते. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट आवळते. उस्ताद मंडळी याची परीक्षा मोठी गमतीने घेतात. शिष्याला न कळत त्याच्या बंदुकीत रिकामे काडतूस घालून देतात. घोडा पडतो, बार होत नाही, पण नळी मात्र खाली झुकते. न आलेल्या धक्क्याला माणूस आधीच शरण गेलेला असतो. हे पाहून शिष्य स्वतःच ओशाळतो.

नेम जुळविताना या दुसऱ्या दोषाने घोटाळा होतो. समजा, चार गोळ्या डावीकडे लागल्या. त्या माशी वाकडी असल्यामुळे लागल्या की दचकल्यामुळे? दचकल्यामुळे लागल्या असतील आणि त्या भरवशावर आपण माशी सरकविली, तर आपण बंदुकीला आपले भय शिकविले. मग जेव्हा आपण शांतपणे गोळी झाडू तेव्हा ती नेमकी चुकेल.

बंदुकीला टेकू देण्याची कल्पना बंदुकीइतकीच जुनी आहे. सोळाव्या शतकातला युरोपातला मस्केट सात-आठ किलोचा असे. शिपाई एका हातात बेचके असलेली काठी बाळगी आणि तिच्या बेचक्यात नळी ठेवून बार काढी. १६०७ मध्ये याकोब द खेन या डच चित्रकाराने शस्त्रकवायतीचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले; त्यात मस्केटवाल्याच्या हातातली ती बेचक्याची काठी आणि तिच्यासह करावयाच्या हालचाली एकेक करून दाखविल्या आहेत. अफगाणी जेझेलची नळी लांब. तिलाही पुढे दुपायी टेकू जोडलेला असे, आणि खडकाआड बसलेला पठाण त्यावर बंदूक ठेवून दूरवर मारा करी.

आपल्या इतिहासाच्या वाचकांना उंटावरच्या बंदुका आठवतील. हातात धरता येणार नाही एवढी जड बंदूक उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंट्यावर बसवीत; तिला जंबुरा किंवा सुतरनाळ म्हणत. १७६१ च्या पानिपतावर अब्दालीच्या सैन्यात अशा सुतरनाळांचा मोठा ताफा होता आणि त्यांच्या माऱ्याचा प्रसाद मराठ्यांना मिळाला. त्या बंदुकीचा धक्का माणसाच्या खांद्याला सोसला नसता. तो खुंट्यातून खोगिरात आणि खोगिरातून उंटाच्या अंगात जिरे. उंटाला काय वाटत असेल याची नोंद कोणा बखरकाराने केलेली नाही.

हे सगळे टेकू कामाचे खरे, पण त्यांचे काम ओझे उचलण्याचे होते. ‘ही बंदूक स्वभावतः गोळी कोठे टाकते?’ हा प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता. तो विचारायला धक्क्याचे माप घेणारा माणूस यावा लागला.

तो माणूस म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. हा इंग्रज गणिती. १७४२ मध्ये त्याने तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. गोळीचा वेग मोजण्यासाठी त्याने एक सोपी युक्ती योजली. जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचे. गोळी हलकी व वेगवान, ठोकळा जड व सावकाश. एकाचा झोका पाहून दुसऱ्याचा वेग काढता येतो. १७४५ मध्ये ऑयलरसारख्या थोर गणित्याने हा ग्रंथ जर्मन भाषेत आणला व त्यावर विस्तृत भाष्य केले. पुढे १७८१ मध्ये बेंजामिन टॉम्प्सन, जो काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने उलट बाजू धरली. त्याने बंदुकीची नळीच लंबकासारखी टांगली आणि बार झाल्यावर ती किती मागे झुलते यावरून गोळीचा वेग काढला. बंदूकवाल्यांनी शतकानुशतके ज्या धक्क्याला शिव्या दिल्या, तोच धक्का येथे साक्षीदार म्हणून उभा राहिला.

रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मद्रास इलाख्यातल्या किल्ल्यांच्या तटबंदीच्या कामासाठी आणले, आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने तो वारला. पेचदार खाचांच्या नळीचे मर्म ज्या राष्ट्राला प्रथम उमगेल ते युद्धात वरचढ ठरेल, असे भाकीत त्याने करून ठेवले होते. ते खरे ठरायला शंभर वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सैन्यात १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. ती घडविताना एकीसारखी दुसरी होईना. एक गोळी लक्ष्यावर टाकी तर दुसरी भरकटे. १८५४ मध्ये त्या वेळचा सरसेनापती लॉर्ड हार्डिंज, म्हणजे शिखांशी पहिले युद्ध झाले त्या काळचा आपला गव्हर्नर जनरल, याने मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थकडे हे काम सोपविले. व्हिटवर्थ बंदूककार नव्हता. इंचाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत माप घेणारे यंत्र बनविणारा आणि स्क्रूच्या आट्यांना १८४१ मध्ये एकसारखे प्रमाण लावून देणारा हा गृहस्थ. त्याने सरकारला कळविले की, रायफल चुकते का हे आधी समजले पाहिजे. ते समजल्याशिवाय यंत्रे बनविण्यात अर्थ नाही.

मग त्याने आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त दालन सरकारी खर्चाने बांधविले. पहिले दालन वादळाने पडले, ते पुन्हा उभारावे लागले. दालनात वारा नाही, ऊन-सावलीचा खेळ नाही. वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी त्यांना भोके पाडीत जाई, आणि त्या भोकांवरून तिचा सारा मार्ग वहीत उतरविता येई. एकेक कारण वेगळे काढून तपासायचे, ही त्याची पद्धत. वारा भिंतींनी वगळला, आणि विंबल्डनला आपण पाहिले त्याप्रमाणे हात टेकूने वगळला. उरली ती बंदूक. तिच्या नळीचा व्यास किती असावा, खाचांचा पेच किती असावा, गोळीची लांबी किती असावी, हे त्याने पालटून पालटून पाहिले. एनफील्डचा व्यास इंचाच्या ५७७ सहस्रांशांचा आणि पेच ७८ इंचांत एक वेढा. व्हिटवर्थने व्यास ४५ शतांशांवर आणला, पेच २० इंचांत एक वेढा केला, आणि नळी आतून षट्कोनी घडविली.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही बंदुकांचा सामना झाला. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट ढळत; व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आत राहिल्या. १४०० यार्डांवर एनफील्डची एकही गोळी लक्ष्यावर नोंदली गेली नाही. व्हिटवर्थच्या लागत होत्या. ही तारीख वाचताना आपले मन दुसरीकडे गेल्यावाचून राहत नाही. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडेने शस्त्र उचलले होते आणि १० मेला मीरत पेटावयाचे होते. ज्या एनफील्डच्या चरबीच्या काडतुसांनी हिंदुस्थानात वणवा लागला, तीच बंदूक त्या दोन तारखांच्या मधल्या महिन्यात इंग्लंडच्या समुद्रकाठी परीक्षेला उभी होती आणि हरत होती.

हरूनही ती सैन्यात राहिली. व्हिटवर्थची नळी अरुंद, दारूच्या काजळीने लवकर कोंदणारी, घडाईही महाग. सैन्याला लाखो नगांची गरज होती. टेकूवर सिद्ध झालेला गुण रणांगणावर तसाच्या तसा उपयोगी पडतो असे नाही, ही गोष्ट या निर्णयातून दिसते. ती पुढेही आपल्या कामी येणार आहे.

आता राणीच्या गोळीचा अर्थ लावता येतो. दोन जुलैला टेकूवर परीक्षा झाली ती राणीची नव्हेच, व्हिटवर्थच्या नळीची. त्याच संमेलनात पुढे राणीच्या नावाचे बक्षीस एडवर्ड रॉस या तरुणाने जिंकले, आणि ते मात्र स्वतःच्या हातांनी. टेकूवर बंदूक पारखावी आणि खांद्यावर माणूस पारखावा, या दोन परीक्षा एकाच माळावर एकाच सप्ताहात झाल्या.

खांद्याची कहाणी मात्र कष्टाची आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिची गोळी ३१ ग्रॅमची. तिचा धक्का पुढच्या ली-एनफील्डच्या सुमारे दुप्पट. २२-२३ जानेवारी १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत रॉर्क्स ड्रिफ्ट येथे दीडशेच्या आसपास शिपायांनी रात्रभर झुलूंशी झुंज दिली. त्या रात्री गोळ्या झाडून झाडून शिपायांचे खांदे सुजून काळेनिळे पडले. काही जण बंदूक दुसऱ्या खांद्याला लावून झाडू लागले. शूर माणसाच्या हाडामांसालाही न्यूटनचा नियम सवलत देत नाही. शिकाऱ्यांच्या बंदुकांच्या दस्त्याला रबरी गादी लावण्याची रीत याच काळात रुळली. गादीने धक्क्याचा एकूण हिशेब बदलत नाही. पण तो थोड्या अधिक वेळात आणि अधिक जागेवर वाटला जातो, म्हणून सोसतो.

तोफवाल्यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर साधली. जुनी तोफ प्रत्येक बारानंतर गाड्यासकट मागे जाई. गोलंदाज तिला ढकलून पुन्हा जागेवर आणीत आणि पुन्हा नेम लावीत. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत नळी गाड्यावर एक मीटरहून अधिक अंतर मागे घसरे, तेल आणि दाबलेली हवा तिला सावकाश थांबवीत व पुन्हा पुढे आणीत. गाडा जागचा हलत नसे, नेम कायम राही, आणि मिनिटाला पंधरा गोळे सुटू शकत. धक्का अडवून धरता येत नाही. त्याला वाट द्यावी लागते, आणि ती वाट सरळ असावी लागते, हा धडा त्या तोफेने सगळ्यांना दिला.

रायफलच्या बाबतीत तोच धडा एका अमेरिकन डॉक्टराने गिरविला. फ्रँकलिन मॅन हा मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा. शिक्षण वैद्यकाचे, पण कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापण्याचे यंत्र काढून त्याने पैसा मिळविला आणि तो सगळा गोळ्या चुकतात का या एका प्रश्नापायी खर्चिला. त्याने जमिनीत काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला आणि त्याचे नाव ठेवले ‘शूटिंग जिब्राल्टर’. ओट्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खोबण. नळीला दस्ता नाही. तिच्यावर अचूक घडविलेली गोल कडी चढविलेली, आणि ती कडी खोबणीत टेकलेली. बार झाला की नळी खोबणीतून सरळ मागे घसरे. तिला कोणी आवळून धरीत नसे. तिची वाट मात्र एकच होती. नळी ढळण्याचे कारण त्याने असे मुळापासून काढून टाकले.

आणि तरीही गोळ्या एका भोकातून गेल्या नाहीत. माणूस गेला, खांदा गेला, दस्ता गेला, तरी थोडा पसारा उरलाच. मॅनने वर्षानुवर्षे त्या उरलेल्या चुकीचा पाठलाग केला. मुद्दाम बुडाशी तिरप्या कापलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या, आणि गोळीच्या बुडातला लहानसा दोषही तिला वाटेवरून ढळवितो हे दाखविले. १९०९ मध्ये त्याने हे सारे ग्रंथरूपाने मांडले, आणि फसलेले प्रयोगही त्यात प्रांजळपणे नोंदविले. त्याच्या टेकूच्या धर्तीवर पुढे अमेरिकेतल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काडतुसांची परीक्षा होऊ लागली.

आज चांदमारीवर रायफलची माशी किंवा दुर्बीण जुळविताना जो टेकू वापरतात, तो याच घराण्यातला धाकटा वंशज. साधा प्रकार म्हणजे वाळूच्या दोन पिशव्या, एक पुढच्या लाकडाखाली आणि एक दस्त्याखाली. नळी स्वतः कशावरही टेकवू नये; ती टणक वस्तूवर ठेवून बार काढला तर ती तिथून उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. दुसरा प्रकार धक्का कमी करणाऱ्या चौकटीचा. लोखंडी चौकटीत दस्ता मागच्या आडव्या पट्टीला टेकून बसतो आणि चौकटीवर शिसाच्या छऱ्यांच्या पिशव्या रचतात. हिशेब सोपा आहे. ४ किलोच्या रायफलीला १० किलोची चौकट जखडली तर तोच धक्का १४ किलोंना ढकलतो. मागे येण्याचा वेग साडेतीन पटींनी उतरतो आणि खांद्यावर येणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात. वीस-तीस गोळ्या झाडल्या तरी खांदा शांत राहतो. विसाव्या गोळीला झाडणारा पहिल्या गोळीइतकाच निर्भय असतो, आणि म्हणून त्याची विसावी गोळी बंदुकीविषयी खरे सांगते. जोरकस काडतुसांच्या रायफली जुळविताना तर या साधनावाचून खरी माहिती हाती येणे कठीण.

पण हा मित्रही जपून वापरावा लागतो. उत्साही माणूस चौकटीवर वजनामागून वजन चढवितो आणि बंदूक जागची हलणार नाही अशी व्यवस्था करतो. धक्का मात्र नाहीसा होत नाही. मागे जायला वाट उरली नाही की तो लाकडात शिरतो. दस्ता मनगटाशी चिरतो, दुर्बिणीचे खिळे ढिले होतात. १८९७ च्या तोफेचा धडा येथे विसरला जातो. वजन बेताचे ठेवावे आणि चौकटीला थोडे मागे सरकू द्यावे, हे बरे.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. चौकटीत जखडलेली रायफल आणि खांद्याला लावलेली रायफल या एका अर्थी दोन बंदुका आहेत. धक्क्याने ढळण्याचे माप दोहोंत वेगळे. चौकटीवर गोळी मध्यावर लागली म्हणून खांद्यावरूनही ती तिथेच लागेल असा भरवसा नसतो. म्हणून जाणता नेमबाज चौकटीवर माशी जुळवितो, बंदूक किती पसारा करते ते पाहून घेतो, आणि मग चौकट बाजूला सारून ज्या पवित्र्यात पुढे गोळी झाडावयाची त्याच पवित्र्यात शेवटच्या चार-पाच गोळ्या झाडतो. फरक पडला तर माशी त्या शेवटच्या गोळ्यांप्रमाणे ठरवितो. टेकूने त्याला एक मोलाचा आधार दिलेला असतो: आता फरक दिसेल तो बंदुकीचा नाही, आपला आहे, हे तो खात्रीने जाणतो.

आजच्या क्रीडास्पर्धांतही हाच क्रम दिसतो. ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत टेकूला मज्जाव आहे. निजून किंवा गुडघ्यावर बसून झाडताना पट्ट्याचा आधार तेवढा चालतो. पण स्पर्धेच्या कितीतरी आधी काडतुसांच्या कारखान्यांतल्या बोगद्यांत रायफलीची नळी पकडीत घट्ट बसवून, निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून, कोणती तिला मानवतात ते निवडून घेण्याची रीत जगभर आहे. व्हिटवर्थचे दालनच ते. त्यानंतर मात्र यंत्र संपते. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. त्या क्षणी त्यांच्या रायफलीखाली वाळूची पिशवी नव्हती. स्वतःचे श्वास, स्वतःचा खांदा, आणि धक्क्याची आठवण मनात येऊ न देण्याचा अनेक वर्षांचा अभ्यास, एवढेच त्यांच्यापाशी होते.

आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे. ‘शिस्त’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचा जुना अर्थ नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा किंवा बाणाचा रोख लक्ष्यावर स्थिर करणे. पुढे तोच शब्द शाळेच्या वर्गाला आणि सैन्याच्या रांगेला लागू झाला, आणि मूळ अर्थ मागे पडला. पण चांदमारीवर हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. बंदुकीची शिस्त टेकूवर लावता येते. तिला एक सकाळ पुरते. माणसाची शिस्त खांद्यावरच लागते, आणि तिला वर्षे द्यावी लागतात. विंबल्डनला राणीने ओढलेल्या दोरीने पहिली शिस्त जगाला दाखविली. दुसरी शिस्त दाखविण्यासाठी त्याच माळावर रॉसला जमिनीवर उतरून स्वतः बंदूक उचलावी लागली.